बोगमाळोचे सी हॉक आणि तीन वर्षांच्या हिशेबाने बांधलेली विक्रांत

गोव्यात गेल्यावर या वेळी समुद्रकिनाऱ्याच्या आधी बोगमाळोचे नौदल हवाई संग्रहालय गाठायचे, हे मी मुंबईतून निघतानाच ठरवले होते. दाबोळी विमानतळाच्या बाजूने रिक्षा बोगमाळोकडे वळली आणि थोड्याच वेळात मी उघड्या आवारात उभ्या असलेल्या सी हॉक या लढाऊ जेट विमानासमोर पोहोचलो. याच जातीची विमाने भारताच्या पहिल्या विमानवाहू नौकेच्या, जुन्या ‘आयएनएस विक्रांत’च्या डेकवरून उडत असत.

मी त्या विमानाभोवती बराच वेळ फिरत राहिलो. बहुतेक जेट विमानांचा झोत शेपटीतून निघतो. सी हॉकचा मात्र दोन फाट्यांत विभागून पंखांच्या मुळाशी दोन्ही अंगांनी बाहेर पडतो, त्यामुळे धडाचा मागचा भाग इंधनाच्या टाकीसाठी मोकळा राहतो. पंखांचा विस्तार 39 फुटांचा आणि विक्रांतची लिफ्ट जेमतेम 34 फूट रुंद, म्हणून पंख वर दुमडल्याशिवाय हे विमान खालच्या हँगरमध्ये नेताच येत नसे. शेजारच्या आलिझे या पाणबुडीविरोधी विमानाचे पंखही असेच घडीचे आहेत. नौका लहान असली की तिच्यावरच्या प्रत्येक वस्तूला अंग चोरून राहावे लागते, हे इथे डोळ्यांना दिसते.

ती लहान होती याला कारण होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला विमानवाहू नौका तातडीने हव्या होत्या, म्हणून 1942 मध्ये जड चिलखत वगळून, व्यापारी जहाजांच्या बांधणीचे निकष वापरून हलक्या नौकांचा आराखडा करण्यात आला; त्यांनी तीनेक वर्षे काम दिले तरी पुरे, असा हिशेब होता. त्यांतलीच एक ‘हर्क्युलिस’. ऑक्टोबर 1943 मध्ये तिची बांधणी सुरू झाली, सप्टेंबर 1945 मध्ये ती पाण्यात उतरली, पण तोवर युद्ध संपले होते आणि ती अर्धवटच पडून राहिली. भारताने 1957 मध्ये ती विकत घेतली आणि बेलफास्टमध्ये तिला तिरका डेक, विमानाला वेगाने पुढे फेकणारा वाफेचा कॅटापुल्ट आणि उतरणाऱ्या वैमानिकासाठी आरशाची दिशादर्शक यंत्रणा बसवण्यात आली. तिरक्या डेकमुळे, उतरणाऱ्या विमानाचा हूक त्याला थांबवणाऱ्या डेकवरच्या तारेत अडकला नाही, तरी विमान पुढे उभ्या असलेल्या विमानांवर न आदळता पुन्हा उडू शकते. 4 मार्च 1961 रोजी ती ‘विक्रांत’ म्हणून नौदलात दाखल झाली आणि 18 मे रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिले जेट उतरवले. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

1971 च्या युद्धातली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि वेगावर मर्यादा आली होती. विमान डेकवरून उडवायचे तर समोरून जोराचा वारा लागतो, आणि समुद्र शांत असला की तो वारा नौकेला स्वतःच्या वेगाने निर्माण करावा लागतो; शिवाय कॅटापुल्टची वाफही त्याच बॉयलरांची. म्हणजे एका तड्याने दोन्हीकडून कोंडी केली होती. तरीही ती बंगालच्या उपसागरात गेली, आणि 4 डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार व चितगाववर हल्ले चढवले. या यशाचे श्रेय वैमानिकांइतकेच बॉयलररूममध्ये घाम गाळणाऱ्यांचेही आहे, असे मी मानतो.

पुढे सी हॅरिअर विमाने आली, कॅटापुल्ट निघाला, विमानाला वर झेप देणारा चढता उतार, म्हणजे स्की-जंप बसला आणि 31 जानेवारी 1997 रोजी, 36 वर्षांच्या सेवेनंतर ती निवृत्त झाली. मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी असताना वडिलांबरोबर मी तिच्यावर गेलो होतो. हँगरमधून वर डेकवर आल्यावर एकदम अंगावर आलेला समुद्राचा वारा अजून आठवतो. 2014 मध्ये ती मोडीत निघाली, याचे दुःख मला आजही आहे.

गोव्याहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मुंबईत लायन गेटजवळच्या विक्रांत स्मारकापाशी गेलो. ते तिच्याच धातूपासून घडवलेले आहे. रहदारी थांबेपर्यंत वाट पाहिली, रस्ता ओलांडला आणि जवळ जाऊन तो धातू नीट पाहिला.