आमची वाटचाल : हिशोबाचा एक कागद

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या सासूबाईंच्या माजघरात 2009 साली आम्ही नवरा-बायकोनं हा धंदा सुरू केला. साबण, शाम्पू, फरशी पुसायचं लिक्विड. माल कंपनीचा, विक्री घरोघरी जाऊन आमची. विक्रीवर कमिशन, आणि आमच्यामार्फत जोडल्या गेलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवरही थोडं.

पहिल्याच मीटिंगला स्टेजवर लाखाचा चेक दाखवला होता. त्यातनं पेट्रोल, डेमोचा माल, हॉलचं भाडं, परत आलेल्या बाटल्या वजा व्हायच्या असतात, हे कुणीच बोललं नाही. वर्षअखेरीला वही मांडली, तर हातात अकरा हजार उरले होते. वर्षाचे! सासूबाईंनी वही बघितली आणि काही न बोलता चहा टाकला.

तरी टिकलो, कारण माल चांगला होता आणि माणसं जोडली गेली. दारात मात्र एकच प्रश्न ठरलेला: "वैनी, हे साखळीतलं तर नव्हे?" माणसं जोडून पैसे फिरवायच्या योजनांवर 1978 पासून कायद्यानं बंदी आहे. पण त्यात पोळलेल्या घराला साखळी वेगळी आणि आम्ही वेगळे, हे कसं पटवायचं?

2021 च्या पावसाळ्यात डायरेक्ट सेलिंगच्या, म्हणजे आमच्यासारख्या थेट घरोघरच्या विक्रीच्या, नियमांचा मसुदा आला. पंचगंगेला पूर, माल माळ्यावर चढवलेला, आणि फोनवर आमच्या विक्रेत्या विचारत होत्या, "ताई, आता शेजारणीकडं जायलाबी वेळ ठरवून जायचं?" मलाही राग आला होता. 28 डिसेंबरला नियम लागू झाले. ओळखपत्र हवं, आधी वेळ घेतलेली हवी, किंमत आणि माल परत करायच्या अटी स्पष्ट सांगायच्या, 'दुसरं गिऱ्हाईक आणा, तुमचे पैसे वसूल होतील' असं आमिष दाखवायचं नाही. आज वाटतं, ओळखपत्रानं आमचं कामच सोपं केलं. ते पुढं केलं की साखळीचा प्रश्न निम्मा तिथंच मिटतो.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या प्रस्तावाबद्दल वाचलं. फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे तिथली गिऱ्हाइकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था, तिचा 2006 चा मसुदा होता: धंद्याची संधी विकणाऱ्यानं कमाईच्या दाव्याला पुरावा द्यावा, आधी सामील झालेल्या दहा जणांची नावं द्यावीत, आणि सही-पैसे घेण्याआधी सात दिवस थांबावं. हजारो स्वतंत्र विक्रेत्यांनी हरकती घेतल्या आणि 2011 च्या अंतिम नियमातून मल्टिलेव्हल मार्केटिंग, म्हणजे जोडलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवरही कमिशन देणारी आमच्यासारखी पद्धत, बाहेर राहिलं. नावांबद्दलची हरकत मला पटते. गडहिंग्लजकडं एकटीनं राहणाऱ्या आमच्या विक्रेतीचं नाव मी अनोळखी माणसाच्या हाती का द्यावं? पण कमाईच्या पुराव्याला विरोध कशासाठी? आणि सात दिवस थांबायला काय हरकत होती? आम्हाला कुणी थांबवलं असतं, तर तो लाखाचा चेक घरी येऊन नीट तपासला असता.

म्हणून आम्ही स्वतःच एक कागद काढला. आमचाच गेल्या वर्षीचा हिशोब: विक्री, कमिशन, पेट्रोल, परत आलेला माल, उरलेली रक्कम. नवीन येणारीला तो द्यायचा आणि सांगायचं, घरी दाखव, आठ दिवसांनी ये. बऱ्याचजणी येत नाहीत. आमची फळी त्यामुळं लहान राहिली, हे खरं आहे, आणि ते मला मान्य आहे.

गेल्या महिन्यात कागलच्या एका मुलीनं कागद नेला. तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन. पेट्रोलचा आकडा एवढा का, एका फेरीत किती घरं होतात, माल परत आला तर तोटा कुणाचा. अर्धा तास बोललो. शनिवारी ते मुलीला घेऊन येणार आहेत, वही बघायला.