तिथी आणि शनिवार

"तिकडे सणवार करता की नाही गं?" रत्नागिरीला गेले की हा प्रश्न ठरलेला. मावशी विचारते, शेजारच्या काकू विचारतात, नारळ सोलायला येणारे मामासुद्धा विचारतात. मैत्रिणी तेच जरा आडून विचारतात, "घरचं कुणी नसताना सण वाटतो का?" दारात उभ्या उभ्या मी "करतो की, सगळं करतो" एवढंच सांगून मोकळी होते. खरं उत्तर तेवढ्यात मावत नाही. आज तुम्ही विचारलंत म्हणून निवांत सांगते.

आम्ही २०१२ च्या जुलैत मेलबर्नला आलो. पहिली दिवाळी नोव्हेंबरात. लक्ष्मीपूजन १३ तारखेला, मंगळवारी. मी कामावरून सहाला घरी आले, अंघोळ केली, साडी नेसले, रांगोळी काढली, पणतीत तेल घातलं आणि बसून राहिले, कारण बाहेर लख्ख ऊन होतं. इथे दिवाळी वसंतात येते आणि ऑक्टोबरपासून घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, त्यामुळे नोव्हेंबरात सूर्य मावळायलाच आठ वाजून जातात. दिवेलागणीची वाट बघत मी खिडकीशी दोन तास बसले. सव्वाआठला पणती लावली आणि आईला फोन केला. रत्नागिरीत दुपारचे पावणेतीन वाजले होते. आई म्हणाली, "अगो, एवढ्यात पूजा झाली पण? मी अजून पाटसुद्धा मांडला नाहीये."

त्या संध्याकाळी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे सण आपणहून येतो. तुम्ही पांघरूण घेऊन पडून राहिलात तरी पहाटे शेजारच्या घरातल्या बंबाचा धूर येतो, फटाका वाजतो, कुणाची तरी चकली तळल्याचा वास येतो, आकाशकंदिलाचा रंग तुमच्या भिंतीवर पडतो. मेलबर्नला रस्त्यावर काहीच नव्हतं. समोरचे आजोबा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होते. आम्ही केली तर दिवाळी, नाहीतर मंगळवार.

दोन दिवसांनी भाऊबीज आली. भाऊ रत्नागिरीत. संध्याकाळी मी निरांजन घेऊन मागच्या अंगणात गेले आणि चंद्राला ओवाळलं. कोर अगदी बारीक होती, आणि आपल्याकडच्या उलट बाजूने उजळलेली. दक्षिण गोलार्धात ती तशीच दिसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आईला सांगितलं तर ती रागावली. "ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात. तुझा चांगला हट्टाकट्टा बसलाय इथे." मग तिनेच भावाला फोनपुढे बसवलं आणि मी पुन्हा तबक उचललं. पुढच्या वर्षापासून मी बेळगावच्या दादांना ओवाळते. ते आमच्यापासून दहा मिनिटांवर, मेलबर्नच्या टारनीट उपनगरातच राहतात. नात्याने कुणी लागत नाहीत. पहिल्या वर्षी वहिनींनीच विचारलं होतं, "यांना बहीण नाही इथे, तुम्ही याल का?" मी लगेच हो म्हटलं.

आता इथे सण कसे होतात ते सांगते. प्रत्येक सण दोनदा होतो. एक तिथीचा, एक शनिवारचा.

शनिवारचा सण मोठा असतो. आपल्या सणांना इथे सुटी नाही, आणि आमच्यातले निम्मे लोक पाळीवर काम करणारे, हॉस्पिटलात, गोदामात, विमानतळावर. म्हणून सगळ्यांना जमेल असा शनिवार धरायचा. अगदी जवळची अशी आम्ही पाच घरं आहोत: रत्नागिरी, बेळगाव, नांदेड, सोलापूर आणि एक म्हापशाचं. दिवाळीआधीच्या शनिवारी बेळगावच्या वहिनींच्या गॅरेजमध्ये फराळ होतो. गाड्या बाहेर काढायच्या, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरायची, मधोमध गॅसची शेगडी. घरात तळलं तर वास आठवडाभर गालिच्यातून जात नाही, म्हणून गॅरेज. नांदेडच्या मैत्रिणीकडे चिवडा, सोलापूरच्या ताईंकडे शेंगदाण्याची पोळी आणि अनारसे, म्हापशाच्या बाईंकडे नेवऱ्या, म्हणजे गोव्याकडच्या करंज्या, माझ्याकडे चकली. करंज्यांची कडा मुरडायला पुरुष बसतात आणि चांगली मुरडतात. संध्याकाळी पाच घरांचे डबे भरले जातात. माझी मुलगी इथलीच जन्माची. तिला शाळेत दिवाळीबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा तिची पहिली ओळ होती, "दिवाळीला गॅरेजमध्ये छान वास येतो." बाईंना ते कळलं नसेल. मला पुरेपूर कळलं.

इथल्या मराठी मंडळाचा मोठा कार्यक्रम असतो, शहराच्या मध्यावर फेडरेशन स्क्वेअरमध्येही दिवाळी होते, तिथे नाच असतात, गर्दी असते. आम्ही जातो, मुलांना आवडतं. फटाके विकत घेऊन घरी उडवायला कायद्याने बंदी आहे आणि मला त्याची खंत नाही.

तिथीचा सण लहान. त्या दिवशी घरात आम्ही तिघंच असतो, कधीकधी दोघंच. पण तो मी सोडत नाही. कितीही दमले असले तरी, रात्री दहाला घरी आले तरी. शनिवारचं जेवण कितीही साग्रसंगीत झालं, तरी ज्या दिवशी आईच्या घरी पुरण शिजतंय त्या दिवशी माझ्या घरी निदान दिवा आणि चमचाभर गोड हवं. काही मैत्रिणी म्हणतात, एकदा शनिवारी झालं की झालं. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल. मला मात्र वाटतं, तिथी सुटली की पुढे शनिवारही हळूहळू सुटतो, आधी पुढे ढकलला जातो आणि मग "यंदा जमलंच नाही" होतं. तसं होताना मी पाहिलं आहे.

गणपतीचं विचाराल, तर तो येतो ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, म्हणजे इथला हिवाळा सरता सरता. जास्वंदीला तेव्हा फूल नसतं. लाल फूल हवं तर कॅमेलिया. तो नेमका थंडीतच फुलतो, आणि आमच्या गल्लीत तीन घरांपुढे आहे. दूर्वा मात्र इथे आपलीच आहे. लोक हिरवळीसाठी जे 'काउच' गवत लावतात ती आपली हरळीच, वनस्पतिशास्त्रातलं नावही एकच. थंडीने ती पिवळी पडलेली असते, म्हणून ऑगस्ट लागला की मी एक कुंडी घरात उन्हाच्या खिडकीत आणून ठेवते. एकवीस जुड्या होतील इतकी ती हिरवी होते. कोकणात आमच्या गौरी तेरड्याच्या. इथे त्या दिवसांत वॉटल बहरलेला असतो, बाभळीच्या गणगोतातलं झाड, तसेच पिवळे गोंडे. वॉटलच्या डहाळ्यांना साडी नेसवून मी गौर उभी करते. पहिल्या वर्षी आईला फोटो पाठवताना धाकधूक होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाभळीच्या कुळातली दिसते. चालेल. तिथे जे फुललंय त्यातूनच ती यायची." पातोळ्यांना हळदीची पानं मिळत नाहीत. फुटस्क्रेच्या व्हिएतनामी बाजारात गोठवलेली केळीची पानं मिळतात, त्यांत करते. हळदीचा वास नसतो. त्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

२०२० चा गणपती सांगितल्याशिवाय मात्र हे पुरं व्हायचं नाही. चतुर्थी २२ ऑगस्टला, शनिवारी होती. इथे आल्यापासून पहिल्यांदाच गणपतीची तिथी आणि शनिवार एकत्र आले आणि घरी कुणाला बोलवायचीच सोय नव्हती. मेलबर्नमध्ये तेव्हा रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी होती. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, तोंडाला मास्क, व्यायामाला दिवसातून एक तास बाहेर. कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही.

मूर्ती मी कुंभारकामाच्या मातीची घरीच केली होती, वीतभर. आदल्या रात्री नवरा म्हणाला, "यंदा आपण याला खिडकीत बसवू." आमच्या पुढच्या खोलीची मोठी खिडकी रस्त्यावर उघडते. टेबल कोपऱ्यात तिरकं मांडलं, म्हणजे आतून आम्हालाही दिसेल आणि बाहेरूनही. पडदे पूर्ण बाजूला केले. फोनवरच्या आमच्या गटावर एवढंच लिहिलं की गणपती खिडकीत आहे.

सकाळी अकराच्या सुमारास पहिल्यांदा नांदेडची मैत्रीण आली, चालायला बाहेर पडल्यासारखी, बुटांत, मास्क लावून. टपालपेटीपाशी थांबली. चप्पल-बूट काढायची सवय इतकी मुरलेली, की तिने फुटपाथवर, नऊ-दहा अंशांच्या थंडीत बूट काढले आणि मोज्यांवर उभी राहून हात जोडले. मी आतून आरतीचं तबक काचेजवळ नेलं. तिने दोन्ही तळवे लांबूनच पुढे केले आणि स्वतःच्या डोळ्यांवरून फिरवले. मग मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते तिचे. मला रडू आवरेना. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, ती काचेला हात लावून उभी. पाच मिनिटांत मैत्रीण निघून गेली, थांबून चालणार नव्हतंच. तासाभराने बेळगावचे दादा-वहिनी आले. दुपारी सोलापूरच्या ताई. दिवसभरात अकरा जण येऊन गेले, एकाआड एक. एकानेही आत पाऊल टाकलं नाही, आणि माझ्या घरी इतकं दर्शन कधी झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी मागच्या अंगणात बादलीत विसर्जन केलं. माती लिंबाच्या झाडाला घातली. तेव्हापासून गणपती खिडकीतच बसतो. आता सगळे आत येतात, जेवतात, आरतीला जागा पुरत नाही. तरी नांदेडची मैत्रीण आधी टपालपेटीपाशी थांबते, तिथून हात जोडते आणि मगच दारात येते.

शेजारच्या आजी व्हिएतनामी आहेत. मराठी त्यांना येत नाही, इंग्रजी अगदी मोजकं. २०२५ मध्ये आमची कोजागिरी आणि त्यांचा चंद्राचा सण एकाच रात्री, ६ ऑक्टोबरला आला. मी केशर-वेलची घातलेलं आटीव दूध भांड्यात घेऊन कुंपणापाशी गेले, तर त्या तिकडून मूनकेकचा डबा घेऊन येतच होत्या. आम्ही दोघी वर बघून हसलो. दूध त्यांनी तिथेच उभ्याने प्यायलं आणि भांडं दुसऱ्या दिवशी संत्री भरून परत आलं. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे त्यांच्याकडेही असावं. याला तुम्ही घरचं म्हणाल की परकं, मला सांगा.

संक्रांतीचं थोडक्यात. जानेवारीत इथे कडक उन्हाळा, पारा कधी चाळिशीला टेकतो. तिळगूळ हातात चिकटतो, काळी साडी अंगावर सोसवत नाही. उत्तरायणात तुमचा दिवस मोठा होत जातो, आमचा लहान. तरी हळदीकुंकू करते, कारण वर्षातून तेवढ्या एका निमित्ताने नव्याने आलेल्या मुली घरी येतात. पहिल्या वर्षाची मुलगी मला ओळखू येते. ती फार बोलत नाही आणि निघताना डबा घेताना तिचा हात थोडा जास्त वेळ डब्यावर राहतो. भाऊबीज कुठे करणार, ते मी तिला जानेवारीतच विचारून ठेवते.

आणि घरचं कुणी नसताना सण वाटतो का, ते. वाटतो. पण आई जवळ नसल्याचं त्या दिवशीच जास्त लागतं. एरवी कामाच्या रगाड्यात ते झाकलं जातं. लक्ष्मीपूजनाला नाही झाकलं जात. २०२५ मध्ये तिकडे घरोघर वाद होता, पूजन २० ला की २१ ला. रत्नागिरीत २१ ला सूर्य मावळायच्या आतच अमावस्या संपत होती. आमच्याकडे मेलबर्नच्या घड्याळाने ती रात्री जवळजवळ साडेअकरापर्यंत होती आणि सूर्यास्त साडेसातनंतर, त्यामुळे आमची पूजा निर्विवाद २१ चीच. आईला मी हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "मग मीही २१ लाच करते. तुझ्याबरोबर."

तिच्या दिवेलागणीला माझे रात्रीचे पावणेबारा होतात. मुलगी झोपलेली असते, सकाळी सातला मला निघायचं असतं. तरी मी जागी राहते. माझ्या समईत मी आठ वाजता तेल घालते ते हिशेबाने, काठोकाठ, म्हणजे मध्यरात्र गाठेल. वात दोनदा पुढे सारावी लागते. पावणेबाराला फोन वाजतो. आई फोन पाटाशेजारी तांब्याला टेकवून ठेवते, त्यात आधी छत दिसतं, मग तिचा पदर, मग दिवा. ती काडी ओढते. मी माझा फोन समईकडे वळवते. "तेल आहे ना गं अजून?" ती दरवर्षी विचारते. असतं, बोटभर.