तुम्ही विचारलंत म्हणून: लेक्चर बघायला प्लगिन कुठलं?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची तयारी करणारी मुलं माझ्याकडे दहा-बारा वर्षं जुने लॅपटॉप घेऊन येतात. त्यावर लिनक्स टाकून दिलं की ठरलेला प्रश्न येतो: "दादा, यूट्यूबवरची लेक्चरं बघायला प्लगिन कुठलं टाकू?"

कुठलंच नाही. ब्राउझरला व्हिडिओसाठी वरून जोडावं लागणारं फ्लॅश हे प्लगिन ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, आणि आता ब्राउझर स्वतःच व्हिडिओ चालवतो. तरी या मुलांचं लेक्चर अडकतं, पंखा घोंघावत राहतो. कारण यूट्यूब बऱ्याचदा व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ पाठवतं. तो उलगडायची सोय जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये नसते, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच.२६४ ही जुनी पद्धत मात्र त्या चिपला जमते.

म्हणून मी व्हिडिओ ब्राउझरबाहेर काढतो. एमपीव्ही हा प्लेअर आणि वायटी-डीएलपी हे त्याचं जोडीदार सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आणि मुक्त. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एमपीव्हीचं नाव (mpv) लिहायचं, एक जागा सोडून व्हिडिओची लिंक चिकटवायची, एंटर. पानामागे दडलेला खरा प्रवाह वायटी-डीएलपी शोधतं, एमपीव्ही तो चालवतं. ४८०पी पर्यंतचा एच.२६४ व्हिडिओच आण, असं एमपीव्हीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एकदा लिहून ठेवलं की झालं. फळ्यावरची अक्षरं तेवढ्यात नीट वाचता येतात.

मुलांना सर्वात आवडतात त्या कळा. उजवा चौकोनी कंस दाबला की वेग दहा टक्के वाढतो, सरांचा आवाज चिरका होत नाही. शिफ्ट आणि क्यू दाबून बंद केलं तर तीच लिंक पुन्हा लावल्यावर लेक्चर थांबलं तिथूनच सुरू होतं. जेवायला मेसवर पळणाऱ्या मुलाला याची किंमत कळते!

वायटी-डीएलपी मात्र ताजं ठेवा. यूट्यूब आपली आतली रचना बदलत राहतं, आणि तुमच्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या आवृत्तीच्या) भांडारातली प्रत बहुधा मागे पडलेली असते. यूट्यूबसाठी हल्ली सोबत डेनोसारखं जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअरही टाकावं लागतं. काल चालणारी लिंक आज चालली नाही, तर लॅपटॉपला दोष देण्याआधी अपडेट करून बघा.

पैसे भरून घेतलेल्या क्लासचे व्हिडिओ डीआरएमने, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या तंत्राने, कुलूपबंद असतील, तर ते असे चालणार नाहीत. ते ब्राउझरमध्येच बघा.