माफ केलं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, तुम्ही त्याला खरंच माफ केलं का?"

चौदा वर्षांत हा प्रश्न मला शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारला गेला, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला, भाजी घेताना विचारला गेला. मधे काही वर्षं तो थंडावला होता. आता जन्मठेपेची चौदा वर्षं भरत आल्यामुळे त्याच्या सुटकेचा विषय निघालाय आणि लोकांना मी पुन्हा आठवले आहे. म्हणून एकदाच लिहून टाकते.

नाही. मी माफ केलेलं नाही.

घटना तुम्हाला माहीत आहे, ती परत सांगत नाही. माझा धाकटा भाऊ कूलरच्या मोटारी दुरुस्त करायचा, भिशी चालवायचा, आणि २०११ च्या पावसाळ्यात भिशीच्या पैशासाठी त्याच्याच दुकानात त्याला मारलं. मारणारा भिशीतलाच होता. सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली. तुम्हाला कळत नाही ते पुढचं. शिक्षा वाढवून फाशी व्हावी म्हणून सरकारनं अपील करावं, असा अर्ज दादानं लिहून आणला. खाली चार सह्यांची जागा होती. आईनं केली, दादानं केली, भावाच्या बायकोनं केली. मी केली नाही.

"तुमच्या धर्मात दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय ना, म्हणून," असं तुम्हीच माझ्या वतीनं उत्तर देऊन टाकता. आणि मी इतकी वर्षं मान हलवत आले, कारण ते सोपं होतं. खरं तर त्या संध्याकाळी मी दादालाही हेच सांगितलं होतं. "मला शास्त्र अडवतं," म्हणाले. दादा म्हणाला, "शास्त्र मीपण वाचतो." त्यानं बायबलमधल्या उत्पत्तीचा नववा अध्याय काढून पुढे ठेवला: जो कोणी मनुष्याचे रक्त पाडील त्याचे रक्त मनुष्याकडून पाडले जाईल. मग प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र, तेरावा अध्याय. सत्ताधारी व्यर्थ तरवार धारण करत नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रडले, आणि रडणाऱ्या माणसाशी कोणी वाद घालत नाही.

आज मी त्याच्याशी वाद घालेन. पौलानं पत्र लिहिलं तेव्हा त्यात अध्याय नव्हते, ते तेराव्या शतकात पाडले. ती रेघ पुसून वाचलं तर तरवारीच्या जेमतेम पाच-सहा ओळी आधी लिहिलंय की सूड घेणं प्रभूकडे आहे, तुमचा शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाला. आणि ज्या रोमच्या तरवारीला पौलानं मान दिला, तिनंच त्याचं डोकं उडवलं अशी आमची परंपरा सांगते. नवव्या अध्यायाआधी चौथा येतो. त्यात काइन सख्ख्या भावाला मारतो आणि देव त्याला मारत नाही. उलट, कोणी त्याला मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करतो. पण हे मी दादाला सांगितलं असतं तर तोही गप्प बसला नसता. तो म्हणाला असता की मंडळीनं, म्हणजे चर्चनं, हजार-दीड हजार वर्षं फाशीला होच म्हटलंय. ते खरं आहे. धर्मपंडित थॉमस अक्वायनसनं सडलेला अवयव कापण्याची उपमा देऊन तिचं समर्थन केलं. पोपच्या स्वतःच्या राज्यात मास्त्रो तित्ता नावानं ओळखला जाणारा एक जल्लाद होता, त्यानं १७९६ ते १८६४ या काळात ५१६ जणांना मारल्याची नोंद आहे. पण बिशप ऑगस्टिननं पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच, त्याच्या एका धर्मगुरूला ठार मारणाऱ्यांचा जीव घेऊ नका, असं अधिकाऱ्याला कळवलं होतं. दोन्ही आमचंच आहे. कॅथलिकांच्या धर्मशिक्षणग्रंथात फाशी अस्वीकार्य आहे असं स्पष्ट लिहिलं गेलं ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये. माझी एक कॅथलिक मैत्रीण इथल्याच, नागपूरच्या सदरहून मुद्दाम मला हे सांगायला आली, जणू माझी केस जिंकली. मी सीएनआयची, म्हणजे प्रोटेस्टंट. पोपचं म्हणणं मला बांधील नाही, पण त्या दिवशी बरं वाटलं हे नाकारत नाही.

बरं, आता ग्लॅडिस स्टेन्स. कृपा करून माझी तुलना त्यांच्याशी करू नका. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचा नवरा आणि दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं गाडीत जिवंत जाळली गेली, आणि त्यांनी क्षमा केली, बारीपद्यात कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालवलं. सिस्टर राणी मारियाला १९९५ मध्ये इंदूरकडे भोसकून मारलं, आणि तिच्या बहिणीनं तुरुंगात जाऊन समुंदर सिंगला राखी बांधली. तो सुटावा म्हणून तिचं कुटुंब झटलं, २००६ मध्ये तो सुटला. मी या दोघींपुढे वाकते. पण उपासनेनंतर कोणी माझा हात हातात घेऊन "तुम्हीही तशाच" म्हणतं तेव्हा मला हात सोडवून पळून जावंसं वाटतं. मी तशी नाही. त्याला माझ्या घरच्या जेवणाचा एक घास मिळावा असंही मला कधी वाटलेलं नाही.

मग सही का केली नाही?

खटल्यात मी जवळजवळ प्रत्येक तारखेला जायचे. शेवटी न्यायाधीश आरोपीला एकेक प्रश्न विचारतात, साक्षीत तुझ्याविरुद्ध असं असं आलंय, तुला काय म्हणायचंय. तो प्रत्येकाला म्हणाला, "खोटं आहे." चाळीस-बेचाळीस प्रश्न असतील. भाऊ किती वाजता गेला, काही बोलला का, कोणाला हाका मारल्या का, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो "खोटं आहे" म्हणत होता. मला ते त्याच्याकडून वसूल करायचं होतं. मेलेल्याकडून वसुली होत नाही. सही न करण्याचं एवढंच कारण होतं, आणि येशूचं नाव मी त्यावर पांघरूण म्हणून घातलं. (माझ्या सहीनं काही बदललंही नसतं. सरकारनं अपील केलंच नाही.)

२०१५ च्या ३० जुलैला आमच्याच गावात, वर्धा रोडच्या तुरुंगात, याकूब मेमनला फाशी झाली. आदल्या रात्री सर्वोच्च न्यायालय पहाटेपर्यंत बसलं होतं. मी अजनीला राहते, रात्रभर टीव्हीसमोर होते. सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या मारेकऱ्यालेही असंच पायजे होतं, बाप्पा." १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना त्या सकाळी काय वाटलं असेल त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. मला मात्र लहानपणची मारबत, मिरवणुकीतली ती मोठी बाहुली, आठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामाच्या खांद्यावरून इतवारीत बघितलेली, "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत सगळं गाव रोगराई, इडापीडा तिच्यावर लादून तिला जाळायला नेतं, आणि घरी येऊन हलकं होतं. काकूंचा चेहरा तसा हलका होता. माझा झाला नसता. किंवा झाला असता आणि मला त्याचीच भीती होती. आज नक्की सांगता येत नाही.

उलट बाजूही आहे. २००४ च्या ऑगस्टमध्ये कस्तुरबा नगरच्या बायकांनी वस्तीवर दहशत बसवणाऱ्या गुंडाला, अक्कू यादवला, इथल्याच जिल्हा न्यायालयात संपवलं. वर्षानुवर्षं तक्रारी करून कोणी ऐकलं नव्हतं. समेटाच्या बैठका, क्षमा, नातं जोडणं हे सगळं त्या बायकांसमोर उभं राहून मला बोलता येणार नाही. आमच्या पाळकसाहेबांनी मला पुनर्स्थापक न्यायाबद्दल, म्हणजे गुन्हेगार आणि पीडित यांना समोरासमोर आणण्याबद्दल, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हेच म्हणाले. ते सांगत होते की १९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मिरा गावात दोन पोरांनी दारूच्या नशेत बावीस ठिकाणी नासधूस केली, तर मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या एका प्रोबेशन अधिकाऱ्याच्या सुचवण्यावरून न्यायाधीशानं त्यांना त्या घरांत जाऊन लोकांना तोंड द्यायला आणि भरपाई करायला लावलं. चळवळ तिथून वाढली. मी म्हटलं, "साहेब, काच फुटली तर नवी बसवता येते." ते म्हणाले, "खरंय. पण तुम्हाला काही विचारायचंय ना त्याला?"

खुनाच्या खटल्यात अशा भेटीची आपल्या कायद्यात सोय नाही. भेट झाली ती पाळकसाहेबांच्या खटपटीनं, साध्या मुलाखतीचा अर्ज करून, २०१९ च्या फेब्रुवारीत. घरी कोणाला सांगितलं नाही. मधे जाळी होती. तो वाळला होता, केस पांढरे झालेले. मी सात वर्षं पाठ केलेला प्रश्न विचारला. माझा भाऊ शेवटी काय बोलला?

"मले आठवत नाही, ताई."

मला वाटलं टाळतोय. परत विचारलं. तो म्हणाला, "मी पिऊन होतो. पाऊस होता. मले खरंच आठवत नाही. आठवलं असतं तर सांगितलं असतं." मग त्यानं हात जोडले आणि माफी मागितली. मी जाळीला धरून उभी राहिले. ज्या एका गोष्टीसाठी मी आईशी, दादाशी, वहिनीशी तोडून घेतलं, ती गोष्ट त्याच्याकडे नव्हतीच. त्याची माफी मला नको होती. मी निघाले. पाठ फिरवल्यावर तो म्हणाला, "चाबी मीच काढली होती त्याच्या खिशातून. शटर मी लावलं. त्या पोट्ट्याले काहीच माहीत नोतं."

इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल, कारण हे तुम्ही कधी विचारत नाही. सकाळी शटर बाहेरून भावाच्याच कुलपानं बंद होतं. दुसरी चावी दुकानातल्या पोराकडे असायची. एकोणीस वर्षांचा होता, कूलरच्या ताट्या बदलायचा, वाळा भरायचा. ठाण्यात त्याला तीन आठवडे बोलावत राहिले, एकदा तो लंगडत परत आला. पुरावा मिळाला नाही म्हणून सोडला, पण वस्तीनं सोडला नाही. चावी त्यानंच दिली, हे सगळ्यांनी धरून टाकलं. दुसऱ्या कोणी त्याला दुकानात ठेवलं नाही. दोनदा लग्न ठरून मोडलं.

आणि मीही धरून टाकलं होतं. ठाण्यात जबाब देताना "त्या पोरावर संशय आहे का" असं विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, "असू शकतो." दोन शब्द. ते मी कोणाला सांगितले नव्हते.

आमच्या मराठी शास्त्रात प्रभूच्या प्रार्थनेत "ऋण" हा शब्द आहे: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. मी आयुष्यभर स्वतःला या ओळीत देणेकरी नाही, सावकार समजत आले. तुरुंगातून परत येताना ऑटोत बसून मी त्या पोराच्या घराचा पत्ता आठवत होते.

पहिल्या वेळी त्याच्या आईनं दार उघडलं, मला ओळखलं आणि लावून घेतलं. दुसऱ्या वेळी पाणी दिलं, बोलली नाही. तिसऱ्या वेळी तो घरी होता. मी सगळं सांगितलं, माझे ते दोन शब्दही सांगितले. वाटलं होतं तो ओरडेल, निदान रडेल. त्यानं विचारलं, "लिहून देईल का तो?"

मी परत मुलाखतीला गेले. फक्त त्या कागदासाठी. "देतो," म्हणाला. मग करोनात मुलाखती बंद झाल्या. नंतर म्हणाला, वकिलाला विचारतो. सुटकेच्या तोंडावर गुन्हा कबूल केल्याचा कागद नको असं त्याला कोणीतरी सांगितलंय, आणि मला त्यात चूक काढता येत नाही. दादाला मी अखेर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फाशी झाली असती तर त्या पोराचं सत्य गेलं असतं, मान्य. पण म्हणून आपल्या भावाच्या जिवाची किंमत तेवढीच का?" वहिनी अजून माझ्याशी बोलत नाही. ती चुकीची आहे असं मला म्हणता येत नाही.

आता तो सुटणार तर माझी हरकत आहे का, असं परवा एकांनी विचारलं. एका दिवशी वाटतं, सुटू दे, बाहेर आला की त्याला हाताला धरून त्या पोराच्या वस्तीत उभा करीन. दुसऱ्या दिवशी तो अजनीच्या बाजारात भाजी घेताना दिसेल या विचारानंच पोटात कालवतं.

पोरगा आता तेहतीस वर्षांचा आहे. एप्रिलमध्ये माझ्या कूलरचा पंप बसवायला मी त्यालाच बोलावलं. त्यानं काम केलं, पैसे मोजून घेतले, चहा घेतला नाही. जाताना दारात चपला घालत म्हणाला, "कागद आला का, जी?"

मी म्हटलं, अजून नाही.