मुलाखत दोन्ही बाजूंची असते

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतली (औद्योगिक वसाहतीतली) मुलाखत असेल तर शहरातल्या डांडिया बाजारातून वेळेत पोचणं जमतं. वाघोडिया किंवा हालोलचा कारखाना असेल तर मात्र गेटवरच वेळ जातो: ओळखपत्र, रजिस्टरमध्ये नोंद, मग पास. त्यामुळे गेटपाशी अर्धा तास आधी पोचा, पण मुलाखतीच्या खोलीबाहेर दहाच मिनिटं आधी जा. यायचं नसेल तर आदल्या दिवशी फोन करा. न कळवता गैरहजर राहिलात की दुसऱ्या कुणाची संधी वाया जाते.

कंपनीनेही मुलाखतीच्या निरोपातच पत्ता, कोणाला भेटायचं, किती फेऱ्या आणि पगाराची मर्यादा कळवावी. अकराला बोलावून दोनपर्यंत बसवून ठेवणं हा सरळ अपमान आहे. उशीर होणार असेल तर बाहेर येऊन सांगा, पाणी विचारा. उमेदवार बावीस वर्षांचा असला तरी त्याला 'तुम्ही'च म्हणा. लग्न कधी, मूल कधी, हे मुलींना विचारूच नका.

सगळ्यात जास्त गैरसमज पगारावरून होतात. समजा महिन्याचं बेसिक, म्हणजे मूळ पगार, 20,000 रुपये आहे आणि पूर्ण बेसिकवर पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आहे. मालकाच्या वाट्याचे 12 टक्के, म्हणजे 2,400, आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) 4.81 टक्के, म्हणजे 962, बहुतेकदा सीटीसीतच, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च म्हणून सांगितलेल्या आकड्यातच, धरलेले असतात. शिवाय तुमच्या वाट्याचे 2,400 कापले जातात. म्हणून हातात किती येणार, हे होकार देण्याआधी विचारा. यात संकोच कसला? आणि कंपनीने हा आकडा लेखी द्यावा.

निवड झाली नाही तरी कंपनीने उमेदवाराला आठवड्याभरात दोन ओळींचा मेल पाठवावा.