हेलिकॉप्टर सांगितलं, बोट निघाली: मुंबई हायच्या रिगवर 28 चे 43 दिवस

भोसरीच्या एका गाळ्यात बसलेला एजंट मला म्हणाला होता, "सर, जुहूवरून हेलिकॉप्टर, तासाभरात रिगवर. 28 दिवस काम, 28 दिवस घरी. जेवण फाइव्ह स्टार." यातलं जेवण बऱ्यापैकी खरं निघालं. बाकी काय झालं ते लिहून ठेवतोय, कारण कारखान्यातली नोकरी सोडून ऑफशोरला निघालेली पाच पोरं मला या महिन्यात पिंपरी-चिंचवडमध्येच भेटली आणि पाचही जणांना हेच वाक्य, याच क्रमाने ऐकवलं गेलंय.

मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. गॅस डिटेक्टर, प्रेशर ट्रान्समीटर, गेज, असल्या गोष्टी तपासणं आणि दुरुस्त करणं हे काम. एका सर्व्हिस कंपनीतर्फे जॅक-अप रिगवर गेलो. जॅक-अप म्हणजे तीन पाय समुद्राच्या तळाला टेकवून स्वतःला पाण्यावर उचलून धरणारी, तेलविहिरी खणणारी रिग. मुंबई हायला, म्हणजे अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्रात, पाणी साधारण 75 मीटर, म्हणून ती तिथे चालते. 24 मेला निघालो, 5 जुलैला उतरलो.

आधी पैशांचं. एजंटाने 62,000 घेतले, 'टोटल पॅकेज' म्हणून. त्यात समुद्रात जीव वाचवायचा कोर्स, हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं पडायचं त्याचा कोर्स, ज्याला सगळे 'ह्युएट' म्हणतात, मेडिकल, पोलीस व्हेरिफिकेशन आणि आग विझवण्याचं वेगळं सर्टिफिकेट. ट्रेनिंग सेंटरच्या काउंटरवर काचेखाली फीचा तक्ता होता. दोन्ही कोर्स मिळून 31,000. मी तो तक्ता तीनदा वाचला. आगीचं सर्टिफिकेट रिगवर कोणी हातात धरून पाहिलं नाही, कारण तो भाग बेसिक कोर्समध्येच होऊन गेलेला असतो. पोलीस व्हेरिफिकेशनचा अर्ज मी भरला, चौकीत मी गेलो, एजंटाने झेरॉक्स काढली. आणि जखमेवर मीठ म्हणजे, बोटीत शेजारी बसलेल्या वेल्डरने एक रुपयाही भरला नव्हता. त्याच्या कंपनीने भरले होते. माझीही भरते, असं नंतर कळलं. फक्त बिल ट्रेनिंग सेंटरचं लागतं, एजंटाचं चालत नाही.

तेव्हा सरळ सांगतो. ऑफर लेटर हातात येईपर्यंत कोणालाही काहीही देऊ नका. कोर्सचे पैसे कोण देणार ते कंपनीकडून मेलवर लिहून घ्या. स्वतःच भरायची वेळ आली तर सेंटरच्या खात्यात भरा आणि स्वतःच्या नावाची पावती घ्या.

ह्युएट मात्र मन लावून करा. हेलिकॉप्टरचा सांगाडा तलावात सोडतात आणि उलटा करतात. नाकात पाणी जातं, वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. एक हात खिडकीच्या चौकटीवर, तो सोडायचाच नाही. सांगाडा फिरायचा थांबेपर्यंत गप्प बसायचं, मग खिडकी ढकलायची आणि बेल्ट सगळ्यात शेवटी सोडायचा. बेल्ट आधी सोडलात तर तरंगत छताला लागता आणि खिडकी कुठे होती तेच समजत नाही. मी पहिल्या वेळी तेच केलं. 28 जून 2022 ला मुंबई हायला रिगजवळ हेलिकॉप्टर खरोखर पाण्यात पडलं होतं. नऊ जण होते, चार गेले. तलावात हसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

अंगातल्या दमाबद्दल काही लिहीत नाही. पाली दरवाजाने राजगड चढून गुंजवण्याला उतरणाऱ्याने रिगच्या जिन्यांची काळजी करू नये. सेफ्टी शूज मात्र आधी महिनाभर घालून मऊ करा. कोरे बूट आणि 12 तासांची शिफ्ट म्हणजे चौथ्या दिवशी मेडिकसमोर पाय वर करून बसणं.

आता बोट. निघायच्या आदल्या दुपारी फोन आला, "सीट नाही, न्हाव्याहून बोटीने या, रिपोर्टिंग पहाटे 5." न्हावा म्हणजे रिगच्या बोटी सुटतात तो पनवेलकडचा धक्का. पुण्यातून पहाटे पाचला तो गाठायचा म्हणजे मध्यरात्री कळंबोलीला उतरणं आलं. तिथे रिक्षावाल्याने 900 मागितले, मी दिले. तुम्ही देऊ नका. संध्याकाळीच पनवेलला जाऊन लॉजवर पडा, सकाळी आणखी दोघं-तिघं त्याच गेटला जाणारे भेटतातच. आणि मी पनवेलला पहाटे तीन वाजता मिसळ खाल्ली, तर्री जास्त मागून. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

मुंबई हाय मुंबईपासून 160 किलोमीटरच्या आसपास. हेलिकॉप्टरला हे काहीच नाही. सामान नेणाऱ्या बोटीला 11 तास लागले, त्याआधी तीन तास ती धक्क्यालाच उभी होती. मे संपत आला की अरबी समुद्राची मस्ती सुरू होते. प्रोंग्ज दीपगृह मागे पडेपर्यंत मी फोटो काढत होतो, त्यानंतर फोन खिशात गेला तो गेलाच. मी लिंगाणा केलाय, कोकणकड्यावर पाय सोडून बसलोय, त्याचा इथे शून्य उपयोग. कानातल्या तोलाला तुमचे गड माहीत नसतात. चार वेळा ओकलो. चौथ्या वेळी पोटात काही नव्हतं तरी.

अ‍ॅव्होमिनची गोळी बोट हलायच्या निदान तासभर आधी घ्यायची असते, डॉक्टरला विचारून. उलटी सुरू झाल्यावर घेतली तर तीही उलटीतच जाते. आदल्या रात्री मऊ भात, बोटीत कोरडी चपाती किंवा खाकरा, घोट घोट पाणी. बसायला जागा बोटीच्या मधोमध आणि खालच्या बाजूला धरा, पुढच्या टोकाला अजिबात नको. आडवं होता आलं तर डोळे मिटून पडा. मोबाइलवर वाचू नका. शेजारचा ओकायला लागला की तोंड फिरवा, माणुसकी नंतर दाखवा.

आणि मग बास्केट. याच्यासाठी हा लेख आहे, बाकी सगळं नसतं तरी चाललं असतं.

रिगचा डेक पाण्यापासून सहा मजले वर. बोट त्याला चिकटून उभी राहू शकत नाही, आपटेल. म्हणून रिगची क्रेन वरून दोरखंडांचं निमुळतं जाळं सोडते, खाली गोल कडं. बॅगा मध्ये टाकायच्या आणि आपण कड्यावर बाहेरच्या बाजूने उभं राहायचं, तोंड आत, दोन्ही हात दोरांतून घालून विळखा मारायचा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं बास्केट म्हणजे आत बसायची टोपली. मी आत शिरायला लागलो तर डेकवरचा खलाशी ओरडला, "ओ साहेब, भाजी हाय का तुम्ही?"

चौघं उभे राहिलो. बोट दीड-दोन मीटर वर-खाली होत होती. क्रेनवाला लाटेच्या माथ्याची वाट बघतो. बोट वर आली की एकदम उचलतो, म्हणजे खाली जाणारी बोट परत वर येऊन पायाला लागत नाही. तो झटका पोटात बसतो. मग तो बास्केट बोटीवरून बाजूला, उघड्या पाण्यावर नेतो आणि तिथून वर घेतो. मला वाटलं हा मुद्दाम खेळतोय. त्याला नंतर गॅलीत, म्हणजे रिगच्या खानावळीत, गाठून विचारलं. गुहागरचा माणूस, बावीस वर्षं क्रेनवर. म्हणाला, "पुणेकर, दोर तुटला तर लोखंडावर पडायचंय की पाण्यात? तुम्हीच सांगा." यावर काय बोलणार.

गुडघे किंचित वाकवून ठेवा, उतरताना लागतं. मनगटं दोराला बांधल्यासारखी गुंडाळू नका, वेळ आली तर सुटता आलं पाहिजे. पाठीवर सॅक घेऊन चढू देत नाहीत आणि ते बरोबर आहे. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळा. बास्केट पूर्ण टेकून दोर सैल पडेपर्यंत पाय खाली टाकू नका. आणि लाटा जास्त वाटल्या, हातपाय थरथरत असतील, तर "मी आत्ता चढत नाही" म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. मी म्हणालो नाही, कारण मागे तीन पोरं बघत होती. चूक केली.

वर पोचल्यावर नाव, वजन, ब्लड प्रेशर, सेफ्टीचं भाषण, धोक्याच्या वेळी कुठे जमायचं ते सांगणारं मस्टरचं कार्ड, झोपायचा बंक. काडेपेटी, लायटर जमा. दारू हा विषयच नाही. मोबाइल राहण्याच्या भागातच.

पहिले 28 दिवस कसे गेले हे लोक सारखं विचारतात. चांगले गेले, म्हणून सांगण्यासारखं फार नाही. सहा ते सहा शिफ्ट, आधी मीटिंग, कामाआधी परमिट, डांगरी, हेल्मेट, कानात बोळे. चौघांत एक खोली, एसी इतका थंड की मे महिन्यात ब्लँकेट. जेवण चार वेळा, रात्रपाळीसाठी मध्यरात्रीचंसुद्धा. पोहे मिळतात, पण त्यात साखर आणि वर शेव. गप्प खा. वायफाय व्हॉट्सअ‍ॅपपुरतं चालतं, व्हिडिओ कॉल घरच्यांना कबूल करू नका. कोथरूडच्या कॉलेजातून पेट्रोलियम इंजिनिअरिंग करून आलेला एक पोरगा मड लॉगिंगला, म्हणजे विहिरीतून वर येणारा चिखल आणि खडकाचे तुकडे तपासायला, होता. त्याची रडगाणी ऐकून माझी कमी वाटायची. सगळ्यात कष्टाचं काम ड्रिल फ्लोअरवरच्यांचं. सुमारे साडेनऊ मीटरचे पाइप तीन-तीन जोडून उभे केलेले असतात, बिट, म्हणजे खणणारं टोक, बदलायची असली की ती सगळी माळ विहिरीतून वर काढायची, उभी रचायची आणि परत उतरवायची. चिखलात, ग्रीसमध्ये, दिवसरात्र. त्यांच्या समोर "दमलो" हा शब्द मी काढला नाही.

माझ्या कामापुरतं एक सांगतो. काही विहिरींतून हायड्रोजन सल्फाइड येतो. कमी असताना सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून नवखा माणूस वासावर भरवसा ठेवतो. 100 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांच्या, पुढे हा वायू नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजणारा तिथेच पडतो. म्हणून शेल शेकरजवळ, म्हणजे चिखलातले खडकाचे तुकडे गाळणाऱ्या चाळणीजवळ, चिखलाच्या टाक्यांवर, ड्रिल फ्लोअरवर आणि खोल्यांना हवा देणाऱ्या एसीच्या तोंडाशीसुद्धा डिटेक्टर असतात. तेच मी रोज गॅसची नळी लावून तपासायचो. अलार्म वाजला की आधी वाऱ्याची पिशवी बघा, वाऱ्याला आडवं निघा, मग वाऱ्याच्या उगमाकडे. मित्राला शोधायला खाली उतरू नका.

आणि किरकोळ कापलं तरी मेडिककडे लगेच जा, चिंधी बांधून काम करू नका. 27 जुलै 2005 ला मुंबई हाय नॉर्थ हा प्लॅटफॉर्म जळाला, 22 माणसं गेली. त्याची सुरुवात एका जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापण्यापासून झाली होती. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर द्यायला जहाज जवळ आलं आणि तेल-वायूच्या उभ्या पाइपवर आदळलं. आमच्या गॅलीतला आचारी कांदा चिरताना लोखंडी जाळीचा हातमोजा घालायचा. पहिल्या दिवशी मी हसलो होतो.

20 जूनला माझे 28 दिवस भरले. बॅग बांधून मी रेडिओ रूमच्या दाराशी उभा. पाऊस, ढग खाली उतरलेले, हेलिकॉप्टर रद्द. दुसऱ्या दिवशी उडालं, तर आधी आजारी, मग कायमचे लोक, मग उरलं तर कंत्राटातले. यादीत मी अकरावा, जागा सहा. बोटीवर बास्केट उतरवायला लाटा परवानगी देत नव्हत्या आणि खरं सांगतो, मला त्याचा आनंदच झाला. माझ्या जागी येणारा रिलीव्हर मुंबईत हॉटेलात बसून होता, म्हणून मला सोडता येत नव्हतं. पंधरा दिवस. त्यात मुलीचा वाढदिवस गेला. या पंधरा दिवसांत मी दोन माणसांशी भांडलो, त्यातला एक मड लॉगिंगचा तोच पोरगा, कारण शेवटची खजुराची वडी त्याने खाल्ली. आज लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

म्हणून मे ते सप्टेंबरच्या ट्रिपला परतीचं काहीही बुक करू नका. लग्न, ऑपरेशन, घराचं रजिस्ट्रेशन यातलं काही त्या महिन्यात असेल तर जाऊच नका. रोजच्या औषधांचा साठा दुप्पट न्या. जादा दिवसांचा दर काय, हे ऑफर लेटरमध्ये आहे का बघा. माझ्यात नव्हता. आणि राहायला रिगऐवजी बार्ज, म्हणजे कामगारांना ठेवायचं सपाट तळाचं तरंगतं जहाज, देणार असतील तर वादळाच्या इशाऱ्याला बार्ज कधी आणि कुठे हलवतात हे तोंडावर विचारा. 17 मे 2021 ला ताउते वादळात पी-305 बार्ज बुडालं, त्यावर 261 जण होते, सत्तरहून जास्त गेले. असा प्रश्न विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याबरोबर जाऊ नका.

5 जुलैला हेलिकॉप्टरमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बॅगेबरोबर माणसालाही काट्यावर उभं करतात, मी तीन किलो वाढलो होतो. जुहूला उतरल्यावर जमीन दोन दिवस हलत होती.

तिसऱ्या दिवशी भोसरीला गेलो. गाळा तोच, एजंट तोच, समोर बसलेला पोरगा नवा आणि वाक्य तेच, जेवणापाशी पोचलेलं. मी शेजारची खुर्ची ओढली आणि त्या पोराला बास्केटमध्ये कुठल्या बाजूने उभं राहायचं ते सांगायला लागलो. एजंटाने मला बाहेर नेऊन 9,000 हातावर टेकवले. पावतीशिवाय. उरलेल्या पैशांसाठी रोज सकाळी साडेदहाला फोन करतो, उचलत नाही.