नाव काय म्हणालात?

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ संपता संपता न्यायालयाच्या पायऱ्यांवर एक म्हातारा ज्यूरर दुसऱ्याला हाक मारून थांबवतो आणि त्याचं नाव विचारतो. तो सांगतो, डेव्हिस. म्हातारा म्हणतो, मी मॅकार्डल. पुढे काय बोलावं हे दोघांनाही सुचत नाही. निरोप घेतात आणि आपापल्या वाटेने जातात. दीड तासाचा सिनेमा, त्यातला जवळजवळ सगळा एका खोलीत. बारा माणसं एकमेकांवर खेकसतात, घाम पुसतात, एका अठरा वर्षांच्या पोराला मृत्युदंड द्यायचा की नाही यावर हमरीतुमरीवर येतात, आणि तोवर त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला कळलेलं नसतं. गंमत म्हणजे आपल्याला त्यावाचून काही अडलेलंही नसतं.

1957 सालच्या या सिनेमाचा विषय निघाला की जाणकार मंडळी सिडनी ल्युमेटच्या कॅमेऱ्याबद्दल बोलतात. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मग पातळीवर, शेवटी खाली. भिंगंही बदलत जातात, त्यामुळे भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात आणि छत डोक्यावर येतं. कौतुक रास्तच आहे. पण मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातली सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे ती पायऱ्यांवरची ओळखपाळख. बाराजण आत असतात तेव्हा ते क्रमांक असतात, कारण कामच क्रमांकाचं आहे. काम संपलं की माणसाला आपलं नाव परत मिळतं. लेखक रेजिनाल्ड रोझ यांनी हे एखाद्या पात्राच्या तोंडून वदवून घेतलं असतं तर मी तिथेच हात जोडले असते.

आवडते सिनेमे, कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेम एका रांगेत उभे केले की माझ्या रांगेत हा प्रकार फारच वारंवार दिसतो. कुणीतरी नाव लपवतंय, कुणाला नावच नाही, कुणाचं नाव शेवटी कळतं. यावर एक तयार खुलासा कायम ऐकू येतो: नाव दिलं नाही की ते पात्र ‘तुम्ही-आम्ही कुणीही’ असू शकतं. हा खुलासा मला साफ नामंजूर आहे. नाव गाळून माणूस सार्वत्रिक होत असता तर सरकारी अर्जातला ‘अर्जदार’ हा जगातला सर्वश्रेष्ठ नायक ठरला असता.

‘रेबेका’ घ्या. डॅफ्नी डू मॉरिए यांची 1938 ची कादंबरी. गोष्ट सांगणाऱ्या मुलीचं नाव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत येत नाही. पण ती ‘कुणीही’ आहे का? छे. नखं कुरतडणारी, हातातून वस्तू पाडणारी, नोकरांनासुद्धा घाबरणारी ती एकच एक मुलगी आहे, गर्दीत ओळखू येईल अशी. बरं, नाव तिला आहे. पाकिटावर ते बरोबर स्पेलिंगने लिहिलेलं पाहून तिला आश्चर्य वाटतं, आणि तिचा पुढे नवरा होणारा मॅक्सिम तर तिच्या नावाचं कौतुकही करतो. म्हणजे पुस्तकातल्या माणसांना ते ठाऊक आहे, फक्त आपल्याला नाही. आणि जी मेली आहे त्या त्याच्या पहिल्या बायकोचं, रेबेकाचं, नाव मात्र मुखपृष्ठापासून सगळीकडे: वहीवर, रुमालावर, पुस्तकाच्या कोऱ्या पानावर, तो उंच तिरका ‘आर’ बाकीच्या अक्षरांना खुजा करून उभा.

त्यातला एक प्रसंग मी कितीही वेळा वाचू शकेन. नवी नवरी मँडरली या नवऱ्याच्या हवेलीत नुकतीच आली आहे. सकाळी बसायच्या खोलीत, पहिल्या बायकोच्या टेबलाशी बसली आहे. टेबलाच्या प्रत्येक कप्प्यावर त्याच तिरक्या अक्षरात चिठ्ठ्या. घरातला फोन वाजतो. पलीकडून विचारणा होते, मिसेस डी विंटर? आणि ही सांगते की तुमची काहीतरी चूक होते आहे, मिसेस डी विंटर वारून वर्ष उलटून गेलं. रिसीव्हर हातात आहे, आणि आपण आत्ता काय बोललो ते तिला उमगतं. लेखिकेने नंतर सांगितलं आहे की सुरुवातीला तिला नाव सुचलंच नव्हतं, आणि मग नावाशिवाय निभावून नेणं हेच आव्हान वाटू लागलं. म्हणजे मूळ कारण अगदीच किरकोळ. पण त्या फोनच्या प्रसंगानंतर तिला नाव असतं तर कादंबरी कोसळली असती, हे नक्की. हिचकॉकने 1940 साली त्यावर सिनेमा केला तेव्हा त्यानेही ते देण्याचा मोह टाळला. काही वाचक अजून तिचं नाव शोधत असतात, पुरावे गोळा करतात. त्यांना करू द्या.

जोझे सारामागू यांच्या ‘ब्लाइंडनेस’मध्ये (1995) तर एकालाही नाव नाही. डॉक्टरची बायको, पहिला आंधळा, काळ्या चष्म्याची मुलगी. इथे कारण सरळ आहे: जवळजवळ कुणालाच कुणी दिसत नाही अशा जगात माणूस आवाजावरून ओळखायचा, नावाचा उपयोग काय? याच गृहस्थांनी दोन वर्षांनी ‘ऑल द नेम्स’ नावाची कादंबरी लिहिली आणि तिच्यात फक्त एकाच माणसाला नाव दिलं. खट्याळपणा म्हणतात तो हाच.

उलट उदाहरण म्हणजे क्लिंट ईस्टवुडचा तो तोंडात चिरूट धरलेला, ‘नाव नसलेला माणूस’. या बिरुदावर माझा विशेष राग आहे. सर्जियो लिओनेच्या तिन्ही सिनेमांत लोक त्याला काही ना काही हाक मारतातच: पहिल्यात जो, दुसऱ्यात मॉन्को, तिसऱ्यात ब्लाँडी. अमेरिकेत सिनेमे विकताना वितरकाने ही निनावीपणाची झूल वर चढवली आणि जगाने ती खरी मानली. ज्या ‘योजिम्बो’वरून (1961) पहिला सिनेमा उचलला, त्यात कुरोसावाने हेच काम केवढ्या मजेत केलं आहे! नाव विचारल्यावर त्याचा नायक तोशिरो मिफुने खिडकीबाहेर बघतो, तुतीची शेतं दिसतात, आणि तो तिथल्या तिथे ‘तुतीचं शेत’ असंच आडनाव ठोकून देतो. वर ‘तीस वर्षांचा’ अशा अर्थाचं नाव, आणि लगेच पुस्ती की आता चाळिशीच जवळ आली म्हणा. हा माणूस खोटं बोलतोय हे समोरच्याला कळतं, आणि समोरच्याला कळलंय हे यालाही कळतं. चिरूट चावत गप्प बसण्यापेक्षा हे शंभर पटींनी अवघड.

आता ‘रोमन हॉलिडे’. 1953 चा हा सिनेमा लोक गोड प्रेमकथा म्हणून बघतात. असेलही. पण त्याच्या आत-बाहेर नावांचा जो खेळ चालला आहे तो पाहिला की मला तो वेगळाच दिसतो. राजकन्या रोममधल्या आपल्या देशाच्या दूतावासातून पळते आणि खोटं नाव सांगून रोम हिंडते. पत्रकार तिला ओळखून असतो, पण ओळखत नसल्यासारखं वागतो. आणि ही कथा लिहिली कुणी? पडद्यावर नाव आलं इयान मॅक्लेलन हंटर यांचं; कथेचं ऑस्करही त्यांनाच मिळालं. खरे लेखक डॉल्टन ट्रम्बो तेव्हा हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून ज्यांना काम नाकारलं जाई त्यांच्यात. ते 1976 साली वारले. अकादमीने त्या ऑस्करवर त्यांचा हक्क मानला तो 1993 मध्ये, आणि लेखक संघटनेने त्यांचं श्रेय अधिकृतपणे परत दिलं ते 2011 मध्ये. हे माहीत झाल्यावर शेवटची पत्रकार परिषद पुन्हा बघा. राजकन्या रांगेतल्या एकेका पत्रकाराशी हस्तांदोलन करते. प्रत्येकजण आपलं नाव आणि वृत्तपत्राचं नाव सांगतो. तिच्याबरोबर रोम पालथं घातलेला माणूसही, जणू पहिल्यांदाच भेटतोय असा, नाव सांगतो: जो ब्रॅडली, अमेरिकन न्यूज सर्व्हिस. हे वाक्य स्वतःचं नाव लावता न येणाऱ्या माणसाच्या कथेतलं आहे, हे मला आता विसरता येत नाही.

व्हिडिओ गेमवाल्यांनी ही अडचण स्वतःच सोडवली. अटारी कंपनी गेमवर बनवणाऱ्यांची नावं छापत नसे. तेव्हा वॉरन रॉबिनेट या पठ्ठ्याने ‘अॅडव्हेंचर’ या आपल्या गेममध्ये एक चोरखोली ठेवली. करड्या भिंतीच्या रंगाचा एक ठिपका शोधायचा, तो ठरावीक जागी न्यायचा, की भिंतीतून पलीकडे जाता येतं आणि तिथे त्याचं नाव झळकतं. वरिष्ठांना पत्ता नव्हता. कळलं तेव्हा तो नोकरी सोडून गेलेला आणि गेम घरोघरी पोचलेला. श्रेयनामावली वाचायला खेळाडूला एवढं घाम गाळायला लावणारा दुसरा लेखक मला तरी माहीत नाही.

गेममध्ये नावाचा प्रश्न मुळातच तिरपागडा आहे, कारण ते बहुतेकदा आपल्यालाच टाइप करावं लागतं. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ने 1986 साली सुरुवातीलाच रिकामी जागा पुढे केली. नायक लिंक, पण तुम्ही म्हणाल ते. मला ही सोय कधीच रुचली नाही. स्वतःचं नाव घालून मी राक्षसाच्या हातून मरतो तेव्हा दुःख होत नाही, नुसतं अवघडल्यासारखं होतं. आणि पोरकटपणाने काहीतरी चावट नाव घातलं, की पुढे मरणासन्न राजा गंभीर आवाजात त्याच नावाने हाक मारून राज्य वाचवायला सांगतो. 2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ही भानगडच काढून टाकली आहे; तिथे तो निमूट लिंक असतो. उत्तम झालं.

या रिकाम्या जागेचा खरा उपयोग केला ‘अंडरटेल’ने. टोबी फॉक्सचा 2015 चा गेम. सुरुवातीला जमिनीखालच्या राक्षसांच्या जगात पडलेल्या मुलाचं नाव विचारतात, सहा अक्षरांत. एखाद्या पात्राचंच नाव घालू पाहाल तर कधीकधी ते पात्र हरकत घेतं. आपण आपलं नाव घालतो, खेळतो, आणि... ज्यांना खेळायचा आहे त्यांनी पुढचं वाक्य वगळावं. ते नाव आपण ज्याला चालवत होतो त्या मुलाचं नसतंच, त्याच्या आधी कधीतरी पडलेल्या दुसऱ्याच कुणाचं असतं. ‘रेबेका’तल्या फोनची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

‘जर्नी’ (2012) मला गेमपेक्षा वर्तणुकीचा प्रयोग वाटतो. लाल झगा, वाळवंट, दूरवर डोंगर. मध्येच आणखी एक लाल झगा दिसतो. ते कुठल्यातरी देशातलं खरंखुरं माणूस असतं, पण त्याचं नाव दिसत नाही, बोलायची सोय नाही. एक बटण दाबलं की घंटेसारखा सूर निघतो, बस्स. एकमेकांना चिकटून चाललं की गळ्यातलं उपरणं उजळतं आणि उडायचं बळ येतं. ऑनलाइन खेळात अनोळखी लोक एकमेकांना काय काय बोलतात ते ठाऊक असलेल्या माणसाला इथला सभ्यपणा चमत्कारच वाटेल. तो चमत्कार नाही, नीट केलेली आखणी आहे: शिवी द्यायची सोयच ठेवलेली नाही. वाटेत भेटलेल्यांची नावं श्रेयनामावलीनंतर एकदम पडद्यावर येतात, आणि ती हमखास कुणातरी पोराने आकडे-बिकडे लावून केलेली अगम्य नावं असतात. ज्याच्याबरोबर बर्फात थरथरत चढलो, तो हा! मला हे विसंगत वाटत नाही, उलट फार खरं वाटतं.

आणि मग ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. याच्याबद्दल तटस्थपणे बोलणं मला शक्य नाही. लुकास पोप यांनी जवळजवळ एकट्याने केलेला 2018 चा गेम, सगळा दोन रंगांत. 1807 साल. बेपत्ता झालेलं जहाज परत आलंय, त्यावर जिवंत कुणी नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा विमा निरीक्षक म्हणून आपण चढतो. हातात साठ जणांची यादी आणि एक घड्याळ, जे कलेवरापाशी उघडलं की त्या माणसाचा मरणक्षण गोठलेल्या चित्रासारखा उभा राहतो. काम एकच: कोण कोण आहे आणि कसा मेला, ते वहीत भरायचं. तीन नोंदी बरोबर झाल्याशिवाय वही पक्की करत नाही, त्यामुळे अंदाजपंचे फारसं चालत नाही.

यादीत नावं आहेत, जहाजावर चेहरे आहेत, जोडून कुणी देत नाही. मग आपण बघायला शिकतो. अधिकाऱ्याची टोपी, एखाद्याच्या बोलण्याची ढब, कोण कुणाच्या शेजारी उभा राहतो. झोपायच्या झोळ्यांवर क्रमांक आहेत आणि ते यादीतल्या क्रमांकांशी जुळतात. काही खलाशी तर झोळीबाहेर आलेल्या पायांवरून ओळखायचे. त्याच पायातले जोडे पुढे दुसऱ्या प्रसंगात शोधायचे. एका माणसाचे जोडे इतक्या काळजीने मी कुठल्याही सिनेमात पाहिलेले नाहीत. शेवटी हिशेब विम्याचाच आहे, कुणाच्या घरच्यांना किती द्यायचे याचा, आणि नाव चुकलं तर पैसे भलत्याच घरी जातील, ही जाणीव गेम एका शब्दानेही करून देत नाही.

त्याच्याबद्दल माझी तक्रार एकच. ‘रेबेका’ हवी तेव्हा पुन्हा वाचता येते, कारण ते नाव काही केल्या मिळणार नसतंच. ओब्रा डिन पुन्हा खेळता येत नाही. मध्ये काही वर्षं जाऊ दिली तरी तो झोळीवरचा क्रमांक आठवतो आणि खेळ तिथेच आटपतो. मग दुसऱ्या कुणाला तरी खेळायला बसवायचं आणि मागे उभं राहून तोंड बंद ठेवायचं, एवढंच हाती राहतं. ते मला जमत नाही. ‘जोडे बघ, जोडे’ हे तोंडातून निघतंच.